घाणेरीच्या परीचं घर

त्या दिवशी ऊन पडलं होतं. साधंसुधं ऊन नव्हे बाळांनो, पंधरा दिवसांच्या झडीनंतरचं ऊन! पिवळंधमक, कोवळं, चिंचेनं घासलेल्या पितळी तांब्यासारखं लखलखीत. डोंगराच्या कुशीत उंबरदांड नावाची ठाकरांची वाडी आहे, ती त्या उन्हात नुसती हसत होती. गवताच्या छपरांतून पांढऱ्या वाफा निघत होत्या. कुंपणांवर गोधड्या वाळत होत्या. इवल्या इवल्या चतुरांचे पंख चमचम करत होते आणि पोरं त्यांच्यामागं धावत होती.

सगळी वाडी उन्हात आली होती. एकटा पदू तेवढा उन्हाकडं बघून रडवेला झाला होता.

पदू आठ वर्षांचा. बाप गेल्या साली तापानं गेलेला. घरात आई, आजा आणि कवडी. कवडी म्हणजे त्यांची गाय, कवडीसारखीच पांढरीशुभ्र. ती आणि पदू एकाच पावसाळ्यात जन्मले होते, म्हणून पदू तिला कधी गाय म्हणायचाच नाही. "आमची कवडी" म्हणायचा.

झडीच्या दिवसांत चारा संपला आणि भुकेल्या कवडीनं घाणेरीचा पाला खाल्ला. तेव्हापासून तिचे डोळे पिवळे झाले. नाकावरची, कानांवरची कातडी भाजल्यासारखी सोलवटली. तिच्या अंगाला ऊनच सोसेना. ढग होते तोवर ठीक होतं. आज ऊन आलं आणि ती कळवळली.

पदूनं आपली गोधडी तिच्या पाठीवर टाकली आणि तिला छपराखाली सरकवलं. "जरा आत हो ना गं, कवडे. शेपटी उन्हात राहतेय बघ."

आई दारात उभी राहून बघत होती. तिनं हळूच सांगितलं, "पदू, आठ दिस बघू. चारा मिळाला नाय तर सोमवारी मामा येईल नि कवडीला खालच्या गावी घेऊन जाईल. तिकडं तिला पोटभर मिळंल तरी."

"आणि मग परत कधी आणायची?"

आईनं तोंड फिरवलं. ती आत गेली. पदूला कळायचं ते कळलं.

एके काळी वाडीच्या वर मोठा माळ होता. त्या माळावर कमरेइतकं मारवेल गवत डुलायचं. हिरवं, मऊ, गोडसर वासाचं. आता तिथं गवताची काडी नव्हती. सगळीकडं घाणेरीच घाणेरी. तुम्ही पाहिली असेल ती. दिसायला किती गोड! चिमुकल्या फुलांचे गोल गोल झुबके, मधे पिवळे, मग केशरी, कडेला गुलाबी. जणू कुणी लहानग्या बाहुल्यांसाठी गजरे करून ठेवलेत. पण हात लावाल तर काटे, पाला चुरगळाल तर उग्र वास, आणि तिच्या सावलीत दुसरं काही उगवायचं नाही. झऱ्याकाठी गवताचा एक छोटासा पट्टा तेवढा उरला होता, घोंगडीएवढा.

पदू विळा घेऊन निघाला. एखादी पेंढी तरी मिळेल, या आशेनं जाळीतून वाकून वाकून चालला होता. तेवढ्यात त्याला बारीकसं रडणं ऐकू आलं. डासाच्या गुणगुणण्याएवढं.

त्यानं पाहिलं तर काय! घाणेरीच्या फांदीला एक अंगठ्याएवढी परी अडकलेली. फुलांच्या पाकळ्यांचा घोळदार घागरा, पंख दवासारखे. एक पंख काट्यात रुतला होता आणि ती सुटायची धडपड करत होती.

"हलू नकोस, हलू नकोस! अजून फाटेल," पदू म्हणाला. त्यानं विळा खाली ठेवला. दोन बोटांनी काटा धरला आणि फुंकर घालत घालत पंख सोडवला. त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब आला, तो त्यानं चड्डीला पुसला.

"हे काटे माझेच आहेत," परी लाजून म्हणाली. "मी या झुडपाचीच परी. मलाच माझे काटे लागतात, आणि सोडवायला कधी कुणी आलं नव्हतं. तुला तीन इच्छा देते. पण नियम ऐकून घे. एक इच्छा पुरी झाली की माझं झुडूप शंभर पावलं पुढं सरकतं. कुठं सरकायचं ते माझ्या हातात नसतं. आणि दिलेलं परत घेता येत नाही."

पदूनं विचार केला असेल का? अहो, आठ वर्षांचं पोर! त्याच्या डोळ्यांपुढं फक्त कवडीचे सोललेले कान होते.

"माझी कवडी बरी होऊ दे!"

परी पिवळ्याची केशरी झाली, केशरीची गुलाबी झाली. जाळीत काहीतरी झळकलं. पदू धावत घरी आला, तर कवडी छपराबाहेर भर उन्हात उभी! अंग चांदीसारखं पांढरं, डोळे काळेभोर. तिनं पदूचा कान चाटला. पदू हसला, आई हसली, ओट्यावर बसलेला आजा बोळक्या तोंडानं हसला.

आणि मग पदू तिला पाणी पाजायला झऱ्यावर घेऊन गेला.

झऱ्याकाठचा तो घोंगडीएवढा पट्टा नव्हताच. तिथं घाणेरी उभी होती, डोक्याएवढी उंच, फुलांनी गच्च. कवडीनं गवत शोधलं. गवत नाही म्हटल्यावर तिनं घाणेरीच्या पाल्याकडं मान वळवली.

"नको! नको गं!" पदूनं तिच्या गळ्याला मिठी मारली. बरी केलेली गाय भुकेपोटी पुन्हा तोच पाला खाणार. मग या इच्छेचा उपयोग काय झाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा जाळीत गेला. "परे, हे झुडूपच जाऊ दे. माळ मोकळा होऊ दे."

परीचा रंग उतरला. "माझं झुडूप?"

"व्हय."

"झुडूप घालवायची माणसांची जी रीत पाहिलीय, तेवढीच मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आता मागितलंस. मला नाही म्हणता येत नाही."

तिनं डोळे मिटले. आणि भपकन जाळीला आग लागली! लाल, पिवळ्या ज्वाळा तडतडत माळभर पळाल्या आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच विझल्या. माळावर काळी राख आणि झऱ्याकाठी ओली जाळी तेवढी उरली. पदूला आधी आनंद झाला. मग त्याला परी दिसली. राखेत बसली होती. घागऱ्याची कड करपली होती.

"तुला लागलं?" पदूनं विचारलं.

"मला दर वेळी लागतं," ती म्हणाली. "आणि तरी मी जात नाही."

दुसरा दिवस उजाडला आणि तिचं म्हणणं खरं ठरलं. जिथं एक बुंधा जळाला होता तिथून दहा दहा धुमारे वर येऊन पुन्हा जाळी झाली होती. आणि झुडूप शंभर पावलं पुढं सरकलं होतं, ते नेमकं ठकूकाकीच्या नाचणीत.

ठकूकाकी म्हणजे शेजारची. तोंडानं तिखट, आवाज असा की झऱ्यावर बोलली तर टेकडीपलीकडं ऐकू जावं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बघा बघा! काल नव्हतं, आज उगवलं! कोणाची दृष्ट लागली गं बाई माझ्या नाचणीला?"

"काकी, माझ्यामुळं झालं," पदू खाली मान घालून म्हणाला.

"तुझ्यामुळं? आलास मोठा देवऋषी! नाक पूस आधी."

पण पदू तिथंच बसला आणि एकेक धुमारा उपटायला लागला. उन्हं डोक्यावर आली. हाताला ओरखडे पडले, काटे रुतले. वरचा दांडा हातात यायचा, खालची गाठ जमिनीत तशीच राहायची. ठकूकाकी बडबडत होती, पण मधूनच तिनं तांब्याभर पाणी आणून त्याच्याशेजारी ठेवलं. ठेवलं आणि काही झालंच नाही अशी निघून गेली.

दिवस कलायला आला तेव्हा आजा काठी टेकत तिथं आला. त्यानं पदूचे हात आपल्या हातांत घेतले आणि एकेक काटा काढू लागला. आजाचे हात थरथरायचे, पण काटा काढताना थरथर थांबायची.

"पदू, खेळायचं का?" आजा म्हणाला.

हा त्यांचा जुना खेळ. वाडीतलं लेकरू पहिल्यांदा रानात निघालं की मोठी माणसं त्याला दर झाडापाशी चार गोष्टी विचारायची. उत्तरं आली, मगच त्या झाडाला हात लावायचा.

"मोह," आजा म्हणाला. "पान कोणाचं?"

"बकऱ्यांचं. आणि आपल्या पत्रावळीचं."

"फूल कोणाचं?"

"हरणांचं, अस्वलाचं, आपलं."

"फळ कोणाचं?"

"वटवाघळांचं."

"मूळ कोणाचं?"

"मातीचं. बांध धरतं ते."

"आता घाणेरी. फूल कोणाचं?"

"फुलपाखरांचं."

"फळ?"

"बुलबुलांचं. आमचं पण. काळं झालं की आम्ही खातो."

"पान कोणाचं?"

पदू थांबला. बकरी खात नाही. ससा खात नाही. खाल्लं तर कवडी आजारी पडते. "कोणाचंच नाय."

"मूळ?"

"कोणाचंच नाय, आजा."

आजानं शेवटचा काटा काढून फेकला. मग सांगितलं, "हे झाड मी आणलंय, पोरा. जवानीत खालच्या बंगल्यावर लाकडं वाहायचो. तिथल्या बागेत हे फूल बघितलं नि तुझ्या आजीसाठी एक फांदी डोक्यावरून आणली. दारात लावली. ती खूश, मीही खूश. लोकांनी पाहिलं, बकरी हिला तोंड लावत नाय! म्हणजे कुंपणाला झकास. ज्यानं मागितली त्याला मी एकेक फांदी दिली. हातानं वाटली रं. बकरी का खात नाय, हे मी कुणाला विचारलं नाय. आपला खेळच विसरलो त्या दिवशी."

पदू उठला आणि आजाच्या मांडीला टेकून बसला. आजा म्हातारा होता, तरी त्या क्षणी पदूला तो लहान वाटला.

सकाळी पदू परीकडं गेला. करपलेल्या कडेवर एक नवी पिवळी पाकळी फुटली होती. पदूनं काही मागितलं नाही. त्यानं विचारलं, "तुझं पान कोणाचं गं?"

परी चपापली. "काय?"

"तुझं पान कोण खातं? इथं नाय, तुझ्या घरी."

असं तिला कधीच कुणी विचारलं नव्हतं. ती गुलाबी झाली, मग अगदी फिकी, आणि तिच्या गालांवरून मोत्यांएवढे थेंब ओघळले.

"माझं घर समुद्राच्या पलीकडं आहे," ती म्हणाली. "तिथं माझं पान कुरतडणारे इवले इवले किडे होते. हिरवे भुंगे, केसाळ अळ्या. कुणी पान खायचं, कुणी बी खायचं. मी एवढीशीच राहायचे, गुडघ्याएवढी. कंटाळा यायचा मला त्यांचा! मग कुणी मला फुलांसाठी जहाजात घातलं. इथं आले तर मला कुणीच खाईना. आधी बरं वाटलं. मग मला थांबताच येईना. मी पसरते, पसरते, आणि जिथं जाते तिथं सगळे तोंड फिरवतात. घाणेरी म्हणतात मला."

"घरी काय म्हणायचे?"

"आठवत नाही."

पदूपाशी एकच इच्छा उरली होती. घरी भुकेली कवडी होती. सोमवार तीन दिवसांवर होता. त्यानं मान वळवून वाडीकडं पाहिलं, मग परीकडं पाहिलं.

"मग माझी तिसरी इच्छा ही," तो म्हणाला. "तू तुझ्या घरी जा. तुझ्या अळ्यांकडं."

पदू वाट बघत राहिला, की आता झुडूप शंभर पावलं सरकणार. पण एक पानही हललं नाही.

"या खेपेला तू माझ्याकडून काही घेतलंच नाहीस," परी नवलानं म्हणाली. "मग मी पसरू कशाला? पण राजा, मला उडता येत नाही. माझे पाय या मातीत आहेत. झुडपा झुडपात अडकलेत. ते जादूनं सुटत नाहीत. हातांनीच सोडवावे लागतील. आणि एक सांगते, काटेसावरीखाली आधी बघा. बुलबुल तिथं बसतात, माझं बी तिथंच पाडतात."

पदू धापा टाकत आजाकडं आला. "आजा, घाणेरी अशी कशी काढायची की ती पुन्हा येणार नाय?"

आजाचे डोळे चमकले. "दहा वर्षं झाली मला ठाऊक असून. कुणी विचारलंच नाय, आणि मलाही तोंड नव्हतं सांगायला." त्यानं काठी उचलली. "दरड पडली होती ना, तवा एक झुडूप उलटं होऊन ऐनाच्या फांदीत अडकलं. मुळं आभाळाकडं. तोडलेली, जाळलेली सगळी परत आली. ते एकटं वाळून गेलं. मी रोज जाऊन बघायचो."

आजानं दाखवलं तसं पदूनं केलं. बुंध्यापाशी मुळांची गाठ असते, तिच्या वीतभर खाली खणायचं. गाठीखालची मुळं तोडायची. मग अख्खं झुडूप उचलायचं आणि उलटं करून उंच अडकवायचं, म्हणजे मुळांना माती मिळणार नाही. आणि हे सगळं फळं काळी व्हायच्या आत.

झऱ्याकाठचं पहिलं झुडूप काढायला त्याला अर्धा दिवस लागला. ठकूकाकी येऊन उभी राहिली.

"ही काय नवी तऱ्हा? झाडाला खाली डोकं वर पाय करून शाळेतल्यासारखी शिक्षा देतोस व्हय?"

"शिक्षा नाय, काकी. तिला घरी जायचंय. पाय सोडवतोय."

ठकूकाकी हसायला लागली. मग तिला त्याच्या हातांवरचे ओरखडे दिसले आणि तिचं हसू तोंडातच राहिलं. ती घरी गेली आणि कुदळ घेऊन आली. "सरक बाजूला. धर तू फांदी, मी खणते. नि हळू धर, मला टोचवलंस तर बघ!"

दुसऱ्या दिवशी पदूची आई आली. मग आणखी चार घरं आली. आजा दगडावर बसून सांगत होता, "तिथं नको, वीतभर खाली... हां, आता उचला." काटेसावरीखालची बारकी रोपं पोरांनी वेचली. ऐनावर, किंजळीवर, कुंपणांवर उलटी झुडपं टांगली गेली. जणू रानानं आपले जुने कपडे वाळत घातले होते.

सोमवारी मामा आला तेव्हा झऱ्याकाठ मोकळा झाला होता. जाळीखाली दडपलेलं मारवेल गवत पिवळं पडलं होतं, पण मेलं नव्हतं. दोन-तीन दिवस ऊन आणि दव मिळालं आणि त्याला बोट बोट हिरवे कोंब आले होते. कवडी तिथंच मान खाली घालून चरत होती, कुर्रम कुर्रम. मामानं दोर हातात घेतला, गवत पाहिलं, माणसं पाहिली, आणि दोर पुन्हा खांद्यावर टाकला. "ही काय माझ्याकडं येत नाय आता," तो म्हणाला. "द्या, एक कुदळ मलाही द्या."

पुढं कितीतरी दिवस वाडी खणत राहिली. शेवटी एकच झुडूप उरलं, सगळ्यांत जुनं, आजाच्या दारातलं. ते कुणालाच काढू दिलं नाही आजानं. स्वतः गुडघे टेकून बसला आणि हळूहळू खणत राहिला. पदूनं फांदी धरली. गाठ सुटली, झुडूप उचललं गेलं, आणि त्या खड्ड्यातून उजेडाचा एक नाजूक झरा वर आला. आधी पिवळा, मग केशरी, मग गुलाबी.

त्या उजेडात परी उभी होती. पाय मोकळे होते. घागरा नवाकोरा होता.

"पदू!" ती हसली. "मला माझं नाव आठवलं!"

तिनं ते सांगितलंही, पण त्याच वेळी वाऱ्याची झुळूक आली आणि नाव तिच्याबरोबर उडून गेलं. उजेडाचे हजार कण झाले, मावळत्या उन्हात मिसळले आणि पश्चिमेकडं समुद्राच्या वाटेनं गेले. आजा बराच वेळ तिकडं हात जोडून बसला होता.

मग आजानं घराच्या वळचणीतून एक जुनी पुडी काढली. मारवेलाचं बी होतं, कड्याच्या कपारीतून वेचून जपलेलं. पुढच्या पावसाआधी वाडीनं ते माळावर विखरून टाकलं. सगळा माळ काही एका पावसात आला नाही. अजूनही कुठं घाणेरीचं रोप डोकं काढतं आणि पोरं धावत जाऊन ते उपटतात. पण दोन पावसाळ्यांनी पदू कमरेइतक्या गवतातून चालला. पुढं कवडी, कवडीमागं तिचं पांढरंशुभ्र वासरू, आणि गवतात दडलेल्या चिमुकल्या पाखरांची किलबिल.

त्याच साली ठकूकाकी तालुक्याच्या बाजाराला गेली. परत येताना तिच्या डोक्यावर पाटी होती आणि पाटीत मातीच्या गोळ्यासकट एक रोप. जांभळ्या फुलांचं, इतकं देखणं की वाटेत सगळ्यांनी थांबून पाहिलं. पण ती स्वतःच्या अंगणात गेली नाही. तडक पदूच्या दारात आली, पाटी खाली उतरवली आणि पदर सावरून म्हणाली,

"पदू, लावायच्या आधी तुला विचारायला आले. ह्याचं पान कोण खातं रं?"